पाठीचा राउंड

"यातलं कुठलं?" असं म्हणून मेट्रन बिडवे मॅडमनी तिन्ही कागद माझ्याकडे सरकवले.

कागद मीच आणलेले होते, पुण्याहून, एम.एस्सी. नर्सिंगची दोन वर्षं करून. पुराव्यावर आधारित शुश्रूषा हा तेव्हा आमच्या क्षेत्रात नवा मंत्र होता. म्हणजे सोप्या भाषेत एवढंच, की 'पहिल्यापासून असंच करतात' म्हणून काही करायचं नाही, अभ्यासातून जे सिद्ध झालं आहे ते करायचं. पण पुस्तकातलं वॉर्डात आणायचं कसं? त्याचे आराखडे जगभरातल्या शहाण्या लोकांनी करून ठेवले आहेत, त्यांना मॉडेल म्हणतात. अशी तीन मॉडेलं मी निवडून आणली होती.

पहिलं होतं जिन्यासारखं, पाच पायऱ्यांचं. प्रश्न विचारा, पुरावा शोधा, तो तपासा, अमलात आणा, परिणाम मोजा. दुसरं चाकासारखं गोल. आणि तिसऱ्यात नुसत्या शंकरपाळ्यासारख्या चौकटी, प्रत्येकीत एक प्रश्न, प्रत्येकीला 'हो'चा एक बाण आणि 'नाही'चा एक बाण. 'नाही'चे बहुतेक बाण मागे गेलेले. एखाद्या वायरमनने घाईघाईत काढलेला नकाशा असावा तसं ते दिसत होतं.

मी जिन्यावर बोट ठेवलं. चाकाचं कौतुक मला नव्हतंच, गोल गोल फिरून पोचायचं कुठे? मॅडमनी चष्म्यावरून तिसऱ्या कागदाकडे पाहिलं आणि हा का नको म्हणून विचारलं.

"त्यात माणूस हरवेल, मॅडम," मी म्हणाले. "जिना सरळ आहे. कुणालाही कळेल."

मॅडम 'बरं' म्हणाल्या. दोन महिन्यांनी मानांकन समितीचे लोक हॉस्पिटल बघायला येणार होते. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं आमचं ट्रस्टचं हॉस्पिटल, दीडशे खाटांचं. त्याच्या इतिहासात प्रथमच असे पाहुणे येणार म्हणून भिंतींना रंग चालू होता. माझ्यासाठी 'समन्वयक' असं नवं पद काढलं होतं, पण सहा महिन्यांच्या बोलीवर. मॅडमनी स्वच्छ सांगितलं, की पाहुण्यांना भाषणं नकोत. एक प्रश्न घे, एक वॉर्ड घे, जिना तर जिना, पण चढून दाखव. ते धड झालं तर पद कायम, नाहीतर पुन्हा पाळीची ड्यूटी.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि चांगली दीडशहाणी होते. प्रश्न माझ्याकडे आधीपासूनच तयार होता. तो उजगरे सिस्टरच्या ट्रेमध्ये ठेवलेला होता.

मार्था उजगरे म्हणजे पुरुषांच्या मेडिकल वॉर्डाच्या इनचार्ज. एकतीस वर्षं नोकरी, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. मी अठराव्या वर्षी शिकायला आले तेव्हा पहिली ड्यूटी त्यांच्याच हाताखाली केली होती. पेशंटला हात कसा लावायचा हे मला कुणी शिकवलं असेल तर त्यांनी. त्यांच्या वॉर्डात सकाळी आठला, दहाला, बाराला आणि दोनला एक राउंड निघायचा, त्याला सगळं हॉस्पिटल 'पाठीचा राउंड' म्हणायचं. एका ट्रेमध्ये स्पिरिटची बाटली, पावडरचा डबा आणि पुसायचं फडकं. जे पेशंट स्वतः हलू शकत नाहीत, लकवा झालेले, बेशुद्ध, मांडीचं हाड मोडलेले, त्यांच्या प्रत्येकाच्या पाठीला स्पिरिट लावून, खसाखसा चोळून, वर पावडर. एका जागी पडून पडून कातडी सडते, जखमा होतात, त्याला आम्ही बेडसोअर म्हणतो. ते होऊ नयेत म्हणून हा सारा खटाटोप. दुपारी बाराला त्या वॉर्डाच्या दारातून आत गेलं की पावडरच्या वासाने कुणाच्या तरी बाळंतपणाला आल्यासारखं वाटायचं.

आणि पुस्तकं काय सांगत होती? हाडावरची लाल झालेली कातडी चोळू नका, आतल्या बारीक रक्तवाहिन्या आणखी फाटतात. स्पिरिट लावू नका, कातडी कोरडी पडते. एक नाही, दोन नाही, अनेक अभ्यास. मी सगळे शोधले, तपासले, त्यांना गुण दिले. जिन्याच्या तीन पायऱ्या आठवड्यात चढून गेले.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच दिसली होती, हे आज लपवण्यात अर्थ नाही. मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी मी काढल्या होत्या. पाच नंबरच्या वॉर्डात स्पिरिट-पावडर केव्हाच बंद पडलेली, तिथे नऊ जणांना बेडसोअर झाले होते. उजगरे सिस्टरच्या वॉर्डात एकाला. पुस्तकाप्रमाणे हे उलटं असायला हवं होतं. मी थोडा वेळ त्या आकड्यांकडे बघत बसले, मग त्यांच्यापुढे लिहिलं, 'दोन्ही वॉर्डांतले पेशंट वेगवेगळे', आणि पान उलटलं. जिन्यात त्या आकड्यांना उभं राहायला पायरीच नव्हती.

उजगरे सिस्टरना हे सांगायचं दोन दिवस टाळून मी शेवटी वॉर्डात गेले. त्या औषधांचं कपाट लावत होत्या. मी अभ्यासांच्या प्रती टेबलावर ठेवल्या आणि शिकल्याप्रमाणे सगळं क्रमाने बोलले. मध्ये एकदाही त्यांनी मला अडवलं नाही. बोलून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"मग त्यांना कुशीवर कधी करायचं?"

"ते चार्टवर आहेच की, सिस्टर. दर दोन तासांनी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ट्रेमधला पावडरचा डबा आणि बाटली उचलून माझ्या हातात दिली आणि पुन्हा कपाटाकडे वळल्या. मला सुटल्यासारखं झालं. वाद होईल, रडारड होईल असं मी धरून चालले होते. बाई इतक्या समजूतदार निघाल्या याचं मला आश्चर्यही वाटलं आणि, खोटं कशाला सांगू, थोडा विजयही वाटला.

एक तारखेपासून पाठीचा राउंड बंद झाला. सूचना भिंतीवर लागली, खाली माझी सही.

तीन आठवड्यांनी मी पाचवी पायरी चढायला गेले. मोजायला. हाताच्या काकणाला आरसा कशाला, अशा थाटात वही घेऊन गेले. वॉर्डात तेव्हा हलू न शकणारे अकरा पेशंट होते. स्टाफ नर्स रेश्मा शेखला बरोबर घेऊन एकेकाची पाठ बघितली. पहिले दोघे ठीक. तिसऱ्याची टाच काळसर. सहाव्याच्या कमरेवर फोड. नऊ नंबरला रंगनाथ वाबळे होते, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. लकवा डाव्या अंगाचा, पण वाचाही गेलेली. त्यांना कुशीवर केलं आणि माकडहाडावर लिंबाएवढी जागा सोललेली दिसली, कडा लाल, मध्ये ओली.

रेश्माने खालची चादर सरळ केली. वाबळे चांगल्या डोळ्याने माझ्याकडे बघत होते, बोलता येत नाही त्या माणसाचं ते बघणं मला सहन होईना. शेवटच्याचीही टाच काळसर निघाली. अकरापैकी चार जण. याच वॉर्डात सहा महिन्यांत एक झाला होता, माझ्या तीन आठवड्यांत चार.

पहिला विचार माझ्या मनात काय आला? वाबळेंचा नाही. समितीचा आला. पाच आठवडे उरले होते. दुसरा विचार त्याहून वाईट होता. वॉर्डातलं कुणीतरी जेवणाच्या वेळी म्हणालं होतं, की उजगरे बाईंना राग आलाय, त्या मुद्दाम लक्ष देत नाहीत. मला ते पटलं नाही, पण पटलं तर बरं होईल असं वाटलं. दोष टाकायला एक जागा मिळाली असती.

मी चार्ट मागवले. पोझिशन चार्ट म्हणजे पेशंटला किती वाजता कुठल्या कुशीवर केलं त्याची नोंद. अकराही पेशंटचे चार्ट चोख होते. आठला डावी कूस, दहाला उताणे, बाराला उजवी कूस, दोनला पुन्हा डावी. एकही रकाना रिकामा नाही. म्हणजे चोळणं बंद, स्पिरिट बंद, वळवणं वेळच्या वेळी, आणि तरी जखमा. मग घोडं पेंड खातं कुठे? पुस्तक खोटं म्हणावं तर दहा देशांतल्या माणसांनी मिळून खोटं का बोलावं. वॉर्ड खोटा म्हणावा तर वाबळेंची पाठ समोर होती.

त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही. भीती होती, पण भीतीच्या खाली दुसरंच काही वळवळत होतं. मला कळून घ्यायचं होतं. पुण्यात दोन वर्षं मी पुरावा पुरावा केलं होतं, पण समोरच्या गोष्टीने असं बुचकळ्यात पाडलंय आणि तिचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नाही, असं तोवर झालं नव्हतं. मी तो तिसरा, वायरमनचा कागद काढला. मधल्या एका शंकरपाळ्यात लिहिलं होतं, 'बाहेरचा पुरावा आणि इथला अनुभव जुळतात का?' 'नाही'चा बाण मागे जात होता, वॉर्डाकडे. मी तो बाण नऊ आणि एकच्या आकड्यांवरून उडी मारून ओलांडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला मी वॉर्डात गेले. जुन्या केसपेपरवरून माहिती उतरवायची आहे असं सांगितलं आणि नऊ नंबरच्या शेजारी पडद्याआड टेबल लावून बसले. सुरुवातीला येता-जाता मुली मला 'मॅडम, चहा' विचारत होत्या. अर्ध्या तासात त्या मला विसरल्या. साहेब लोक वॉर्डात राउंड घेतात तेव्हा जे दिसतं ते आणि साहेब आहेत हे सगळे विसरले की जे दिसतं ते, यात किती फरक असतो हे मला माहीत होतं, पण मी आता साहेब झाले आहे हे माहीत नव्हतं.

आठ वाजले. इंजेक्शनं सुरू झाली. सव्वाआठला रेश्मा पोझिशन चार्टचा गठ्ठा घेऊन नर्सेसच्या टेबलापाशी बसली आणि दहा मिनिटांत उठली. साडेआठला डॉक्टरांचा राउंड. नऊला उजगरे सिस्टर वॉर्डातून गेल्या, कारण समितीसाठी फाइली करायला सगळ्या इनचार्ज त्याच एक तारखेपासून रोज नऊ ते बारा ऑफिसात बसत होत्या. फाइली करण्याची ती सूचनाही माझीच होती. दहा वाजले. वाबळेकाकू, म्हणजे रंगनाथरावांची बायको, पायाशी बसून तांदूळ निवडत होत्या, गावाकडून येताना पिशवीत बांधून आणलेले. वाबळे उताणेच होते. आठलाही उताणे होते.

सव्वादहाला मी उठले आणि नऊ नंबरचा चार्ट उघडला. आठ, डावी कूस. दहा, उताणे. बारा, उजवी कूस. दोन, डावी कूस. सही, सही, सही, सही. एकच पेन, एकच शाई. दुपारचे दोन वाजायला पावणेचार तास होते आणि वाबळे कागदावर डाव्या कुशीवर वळून झाले होते.

मला हसू आलं आणि लगेच कानापर्यंत लाज वाटली. कारण हे कसं होतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. ड्यूटीवर आलं की आधी चार्ट भरून टाकायचे, नंतर काम राहिलं तरी नोंद राहू नये, ही आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी विद्या. मी स्वतः तीन वर्षं ते तसेच भरले होते, याच वॉर्डात. सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त कुणी म्हणत नाही. आणि तरीही उजगरे सिस्टरनी विचारलं तेव्हा मी छातीठोकपणे म्हणाले होते, चार्टवर आहेच की.

मी काकूंच्या शेजारी जाऊन बसले आणि जखम कधी दिसली ते विचारलं. त्या तांदळातून मान वर न काढता म्हणाल्या, पंधरा दिवस झाले असतील.

"आधी नव्हती?"

"आधी कुठली. आधी त्या पावडरवाल्या पोरी यायच्या ना. दोघी दोघी. एकीनं वडायचं, एकीनं चोळायचं. मी पाय धरायचे. दिसातनं चार बारी उलटापालटा व्हायचे. आता कोन येत नाय." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मी येकटीनं केलं आसतं, पन मला वाटलं, आता तसं करायचं नसंल. भिताडावर कागद लावलाय म्हनं."

कागद कुणी लावला हे त्यांना माहीत नव्हतं.

एवढं साधं होतं. पावडरने कुणाची पाठ वाचवली नव्हती. पुस्तक खरंच होतं. पण पाठीला पावडर लावायची तर माणूस वळवावा लागतो, त्याशिवाय हात पाठीपर्यंत पोचतच नाही. चोळणं चूक होतं, त्यासाठी करावं लागणारं वळवणं बरोबर होतं, आणि गेली एकतीस वर्षं ते दोन्ही एकाच ट्रेमधून फिरत होतं. मी चूक काढायला गेले आणि तिच्याबरोबर बरोबर तेही उचलून आणलं.

रेश्माला मी बाजूला घेतलं तेव्हा ती रडवेली झाली. मी तिला म्हणाले, की मीही असेच भरलेत, घाबरू नकोस, फक्त खरं सांग. तिने सांगितलं ते माझ्या वहीत अजून आहे. ट्रे हातात असला की आपण कामाला निघालोय असं वाटतं, नातेवाईकही उठून बाजूला होतात. नुसतं वळवायला गेलं तर पेशंट कुरकुरतो, घरचे म्हणतात, आत्ताच डोळा लागलाय, राहू द्या. मग वाटतं, पुढच्या वेळी करू.

उजगरे सिस्टर बाराला ऑफिसातून येताना मला जिन्यात भेटल्या. मी त्यांना तिथेच अडवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. चार जखमा, चार्ट, काकू. आणि मग न राहवून विचारलं, की तुम्हाला हे माहीत होतं तर मला सांगितलं का नाही.

त्या कठड्याला टेकल्या. "माहीत नव्हतं, वैजू. मला वाटायचं पावडरनंच होतं. तू कागद आणलेस तेव्हा मला वाटलं, पुस्तक खोटं आहे. पण माझ्याकडे पुस्तक नाही, तर मी कशाच्या जोरावर बोलू? एवढं मात्र कळत होतं, की ट्रे गेला की पोरी पाठीकडे जाणार नाहीत. म्हणून कुशीवर कधी करायचं ते विचारलं."

"आणि मी चार्टचं नाव घेतलं."

"तू घेतलंस. तुला चार्ट ठाऊक नाहीत असं नाही. म्हटलं, पोरगी मोठी झाली, आता तिला हे ऐकायचं नसेल."

हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मला तिथे जिन्यात रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं, मग विचार करू लागल्या, आणि त्यांचा चेहरा बदलला. मी तो चेहरा ओळखते, अवघड शीर सापडायच्या बेतात असली की त्यांचा तसा व्हायचा.

मी शंका काढली, की कदाचित ट्रे गेल्यामुळे नाही, तुम्ही सकाळी वॉर्डात नसता म्हणून झालं असेल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झालं हे कसं ठरवायचं? त्या लगेच म्हणाल्या, मागच्या उन्हाळ्यात त्या दीड महिना पुण्याला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. तेव्हा त्या नव्हत्या, ट्रे होता. "वहीत बघ, तेव्हा किती झाले."

आम्ही दोघी जेवायच्या सुट्टीत रेकॉर्डरूममध्ये गेलो. मे आणि जूनची वही धुळीतून काढली, आणि सिस्टर पानावर बोट फिरवत होत्या, मी मागून बघत होते. त्या दीड महिन्यात एकही नाही. उजगरे सिस्टर माझ्याकडे वळल्या, आणि आपण वॉर्डात नसतानाही पाठी राखणारा होता तो ट्रेच, हे स्वतःच्या बोटाने सिद्ध करून त्या लहान मुलीसारख्या खूश दिसत होत्या. त्या पानाइतका चोख पुरावा मी आयुष्यात फार थोडा पाहिला आहे.

ट्रे परत आणायचा हे तिथेच ठरलं. स्पिरिट नाही, चोळणं नाही. साधं खोबरेल, तेही हलक्या हाताने, लाल जागा सोडून. मी म्हणाले, तेल नसलं तरी चालेल, नुसतं वळवलं तरी पुरे. त्या म्हणाल्या, रिकाम्या हाताने कुणी कुणाच्या पाठीकडे जात नाही, तेवढं राहू दे. आणि चार्ट रोज सकाळी ऑफिसात जमा, राउंडच्या वेळी ट्रेबरोबरच बाहेर काढायचा, म्हणजे आठ वाजता दोनची सही करायला तो सापडणारच नाही.

उरल्या बिडवे मॅडम. त्यांच्यासमोर मी सगळे कागद ठेवले, चार जखमांचेही. आणि म्हणाले, मला जिना नको, तो शंकरपाळ्यांचा हवा. का, ते त्यांनी विचारलं.

"जिन्यावरून फक्त वर जाता येतं, मॅडम. यात मागे जायची वाट आहे. मला ती लागली."

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. रंगारी शिडीवर चढून भिंत रंगवत होते. मग म्हणाल्या, चार्ट तर शंभर टक्के भरलेले आहेत, समितीला तेच दाखवलं तर कुणाला काही कळणार नाही, हे तुला माहीत आहे ना. मी हो म्हणाले. खरं दाखवलं तर काय होईल, तेही माहीत आहे ना. मी पुन्हा हो म्हणाले.

"मग समितीला सांगायचं ते नंतर बघू," त्या म्हणाल्या. "ज्याची पाठ आहे, त्याला सांगितलंस का?"

पुढचं थोडक्यात सांगते. समितीला आम्ही खरं सांगितलं, चार्टसकट. त्यांनी हॉस्पिटलच्या नावापुढे एक लांबलचक शेरा मारला आणि मानांकन वर्षभर पुढे ढकललं. ट्रस्टींनी माझं पद कायम केलं नाही, मी पाळीच्या ड्यूटीवर परत आले आणि कॉलेजात शिकवायला जाईपर्यंत सहा वर्षं तिथेच राहिले. विद्यार्थिनी आता विचारतात, मॅडम, कुठलं मॉडेल चांगलं. मी त्यांना सगळी शिकवते, परीक्षेला येतात. पण त्या वर्षाचं नाव निघालं की मला समिती आठवत नाही, ट्रस्टी आठवत नाहीत. मॅडमशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी वॉर्डात गेले, ती वेळ आठवते.

रात्रभर मी वाक्यं जुळवली होती. काकू नऊ नंबरच्या पायाशीच होत्या, भिंतीला टेकून. मी स्टूल ओढून समोर बसले. वाबळेही बघत होते, त्यांच्यासमोरच सांगायचं असं मी ठरवलं होतं.

"काकू, भिंतीवरचा तो कागद मी लावला होता. पावडर बंद करा म्हणून मीच सांगितलं. काकांच्या पाठीला जे झालंय ते माझ्यामुळं झालंय."

काकू चिडतील, रडतील, नशीब म्हणतील, सगळ्यासाठी माझ्याकडे वाक्यं तयार होती. पावडर कशी वाईट, हेही मी समजावणार होते. अभ्यास कुठले, कुठल्या देशातले. पुढचं बोलायला मी तोंड उघडलं तेव्हा त्यांनी हाताने मला थांबवलं.

"मंग आता कोन वळवनार?"

"आम्ही, काकू. आजपासून. दर दोन तासांनी. बाराला मी स्वतः."

काकूंनी दारावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"बारा वाजून धा मिंटं झाली," त्या म्हणाल्या. "धरा तिकडनं."